अमेरिकेत घरमालकाने डिपॉझिट अडवले तर: दुप्पट-तिप्पट दंडाची तरतूद आणि तो मिळवण्याची रीत

अमेरिकेत भाड्याचे घर सोडल्यावर डिपॉझिट पूर्ण परत आले नाही, तर बहुतेक भाडेकरू दोन-चार ईमेल पाठवतात, उत्तर आले नाही की चरफडतात आणि नव्या घराच्या व नव्या नोकरीच्या धावपळीत तो विषय सोडून देतात. काही घरमालक आणि भाड्याच्या इमारती सांभाळणाऱ्या काही कंपन्या नेमक्या याच सवयीवर विसंबून असतात. वास्तविक डिपॉझिट ही घरमालकाची मिळकत नव्हे. ती भाडेकरूची रक्कम असते आणि थकलेले भाडे किंवा खरोखर झालेले नुकसान एवढ्यापुरतीच ती घरमालकाला वापरता येते. न्यूयॉर्कचा कायदा तर घरमालकाने ही रक्कम विश्वस्त म्हणून सांभाळावी आणि स्वतःच्या पैशांत मिसळू नये, असे स्पष्ट सांगतो. म्हणूनच अनेक राज्यांच्या कायद्यांत अडवलेल्या रकमेच्या किंवा डिपॉझिटच्या दुप्पट-तिप्पट भरपाईची तरतूद आहे.

हा दंड मात्र आपोआप लागत नाही. तो न्यायालयात मागावा लागतो, आणि मागताना तुमच्यावर अन्याय झाला एवढे सांगून भागत नाही. घर केव्हा सोडले, नवा पत्ता लेखी केव्हा कळवला, कायद्याची मुदत केव्हा संपली आणि त्या दिवसापर्यंत घरमालकाने काय पाठवले, या चार गोष्टी कागदावर दाखवता आल्या की निम्मे काम झालेले असते. त्यातील पहिल्या दोन गोष्टी घर सोडण्याच्या आधीच्या आणि सोडतानाच्या दिवसांत तुमच्याच हातात असतात. त्यामुळे हा लेख तक्रारीपासून नव्हे, तर घर सोडण्याच्या तयारीपासून सुरू करावा लागेल. त्याआधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

कोणत्या राज्यात काय

संपूर्ण अमेरिकेला लागू असा डिपॉझिटचा एकच कायदा नाही. हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील आहे आणि काही ठिकाणी शहराचे स्वतंत्र नियमही असतात. शिकागोचा भाडेकरूविषयक अध्यादेश हे त्याचे ठळक उदाहरण. त्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्या मित्राचा अनुभव टेक्सासमध्ये तसाच्या तसा लागू पडत नाही. घर ज्या राज्यात होते त्या राज्याचाच कायदा पाहावा. तुम्ही नंतर कोठे राहायला गेलात, याने फरक पडत नाही.

कॅलिफोर्नियात सिव्हिल कोडच्या कलम १९५०.५ नुसार घराचा ताबा परत केल्यापासून २१ दिवसांत डिपॉझिट, किंवा कपात केली असल्यास तिचा बाबवार तपशील व उरलेली रक्कम पाठवणे घरमालकाला बंधनकारक आहे. दुरुस्ती आणि स्वच्छतेची कपात मिळून १२५ डॉलरपेक्षा जास्त असेल, तर बिलांच्या प्रतीही द्याव्या लागतात. २१ दिवसांत काम पूर्ण होण्यासारखे नसेल, तर प्रामाणिक अंदाज द्यायचा आणि काम संपल्यावर १४ दिवसांत खरी बिले पाठवायची, एवढी सवलत आहे. घरमालकाने गैरहेतूने रक्कम अडवली असे न्यायाधीशांना पटले, तर ते प्रत्यक्ष नुकसानभरपाईव्यतिरिक्त मूळ डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत दंड लावू शकतात. 'दुपटीपर्यंत' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण नेमका आकडा न्यायाधीश ठरवतात.

न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून ही मुदत १४ दिवसांची आहे. जनरल ऑब्लिगेशन्स लॉच्या कलम ७-१०८ नुसार १४ दिवसांत तपशील आणि उरलेली रक्कम दिली नाही, तर घरमालक डिपॉझिटमधील एक डॉलरही ठेवण्याचा हक्क गमावतो. त्याने हे हेतुपुरस्सर केले असे सिद्ध झाल्यास डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

टेक्सासचा कायदा आकड्यांच्या बाबतीत सर्वांत थेट आहे. तेथे मुदत ३० दिवसांची. प्रॉपर्टी कोडच्या कलम ९२.१०९ नुसार गैरहेतूने रक्कम अडवणाऱ्या घरमालकाला १०० डॉलर, अन्यायाने अडवलेल्या रकमेची तिप्पट आणि भाडेकरूच्या वकिलाचे वाजवी शुल्क द्यावे लागते. शिवाय ३० दिवस उलटून गेले आणि घरमालकाने पैसेही दिले नाहीत, तपशीलही दिला नाही, तर त्याचा हेतू वाईट होता असे कायदाच गृहीत धरतो आणि तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

मॅसॅच्युसेट्स घरमालकाशी सर्वांत कडक वागते. तेथील जनरल लॉजच्या प्रकरण १८६, कलम १५बी नुसार डिपॉझिट त्या राज्यातील बँकेत स्वतंत्र, व्याज देणाऱ्या खात्यात ठेवावे लागते, त्याची पावती भाडेकरूला द्यावी लागते आणि नुकसानीची यादी शपथेवर द्यावी लागते. रक्कम स्वतंत्र खात्यात न ठेवणे किंवा ३० दिवसांत परत न करणे यांसारख्या चुकांसाठी तिप्पट भरपाई, व्याज आणि वकिलाचे शुल्क द्यावे लागते. घरमालकाच्या मनात काय होते, याचा शोध तेथे घ्यावा लागत नाही.

बाकीच्यांपैकी काही थोडक्यात. न्यू जर्सीत ३० दिवसांनंतर दुप्पट. मेरीलँडमध्ये ४५ दिवसांनंतर तिपटीपर्यंत. कोलोरॅडोत तिप्पट, पण दावा लावण्याच्या किमान ७ दिवस आधी घरमालकाला तशी नोटीस द्यावी लागते. इलिनॉयमध्ये दुप्पट. वॉशिंग्टन राज्यात ३० दिवसांची मुदत आहे आणि हेतुपुरस्सर नकार दिल्यास दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. फ्लोरिडात पटीचा दंड नाही. कपात करायची असेल, तर घरमालकाने ३० दिवसांत तशी लेखी सूचना द्यायची असते आणि ती न दिल्यास कपातीचा हक्क जातो. मात्र सूचना मिळाल्यावर भाडेकरूने १५ दिवसांत हरकत नोंदवायची असते, त्यामुळे तेथे पत्रपेटीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मिशिगनमध्ये तर भाडेकरूने घर सोडल्यापासून ४ दिवसांत नवा पत्ता लेखी कळवावा लागतो आणि नुकसानीची यादी मिळाल्यावर ७ दिवसांत उत्तर द्यावे लागते. कायदे बदलत राहतात, म्हणून दावा करण्यापूर्वी राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर सध्याचा मजकूर अवश्य वाचावा. ही पाने साध्या भाषेत लिहिलेली असतात.

घर सोडण्यापूर्वी

पहिले काम म्हणजे लीज, म्हणजे भाडेकरार, काढून पुन्हा वाचणे. घर सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची, ती लेखी हवी की कंपनीच्या पोर्टलवरून चालते, डिपॉझिट नेमके किती होते आणि ते कोणाच्या नावावर आहे, हे त्यातून कळते. 'परत न मिळणारे स्वच्छता शुल्क' असे काही त्यात लिहिलेले असेल, तर लगेच हार मानू नये. कॅलिफोर्नियात डिपॉझिटचा कोणताही भाग परत न मिळणारा ठरवताच येत नाही, मग लीजमध्ये काहीही छापलेले असो.

एक चूक येथे कटाक्षाने टाळावी. डिपॉझिट परत मिळणार नाही अशी शंका आली की अनेक जण शेवटच्या महिन्याचे भाडे भरतच नाहीत आणि 'डिपॉझिटमधून वळते करून घ्या' असे कळवतात. सल्ला देणारे मित्रही हेच सांगतात. टेक्सासमध्ये हे उलटते: अशा प्रकारे गैरहेतूने भाडे अडवणाऱ्या भाडेकरूकडूनच घरमालक त्या भाड्याच्या तिप्पट रक्कम आणि वकिलाचे शुल्क वसूल करू शकतो. इतर राज्यांतही थकबाकीची नोंद लागून पुढचे घर मिळणे कठीण होते. दंडाचा कायदा तुमच्या बाजूने राहायचा असेल, तर शेवटच्या दिवसापर्यंतचे भाडे भरलेले असले पाहिजे.

त्यानंतर घरमालकाकडे पूर्वतपासणीची लेखी मागणी करावी. कॅलिफोर्नियात ताबा देण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत अशी तपासणी मागण्याचा हक्क आहे. न्यूयॉर्कमध्ये ती ताबा देण्याच्या दोन ते एक आठवडा आधी होते. या तपासणीत कोणत्या गोष्टींसाठी पैसे कापण्याचा विचार आहे ते घरमालकाला सांगावे लागते आणि ते दुरुस्त करण्याची संधी तुम्हाला मिळते. भिंतीवरचे चार खिळ्यांचे मोठे खड्डे तुम्ही दहा-वीस डॉलरच्या पुटीने बुजवले, तर त्याच कामाचे दीडशे डॉलर घरमालकाला लावता येत नाहीत.

छायाचित्रांबाबत घाई करू नये. घर पूर्ण रिकामे करून आणि स्वच्छ करूनच ती काढावीत, कारण खोक्यांच्या ढिगाऱ्यामागची भिंत कोणालाच दिसत नाही. प्रत्येक खोलीची चारही कोपऱ्यांतून चित्रे घ्यावीत आणि मग ज्यांवर वाद होतो त्या जागांची जवळून घ्यावीत: ओव्हनचे दार उघडून आतील तळ आणि जाळ्या, फ्रिजचे खण, चिमणीची गाळणी, बाथटबच्या कडेचे सिलिकोन, खिडकीच्या पट्ट्या, गालिचाचे दाराजवळचे भाग आणि स्मोक डिटेक्टर. आपल्या स्वयंपाकात फोडण्या आणि तळण असल्यामुळे शेगडीच्या मागची भिंत व वरची कपाटे यांवर तेलाचा थर बसतो आणि स्वच्छतेची कपात बहुतेक वेळा तेथूनच सुरू होते. ती जागा नीट पुसून तिचे चित्र आवर्जून घ्यावे. शेवटी सलग व्हिडिओ काढावा आणि तो लगेच स्वतःलाच ईमेल करावा, म्हणजे तारीख नोंदली जाते. घरात शिरतानाची चित्रे किंवा त्या वेळी भरलेली तपासणी यादी असेल, तर ती याच फोल्डरमध्ये ठेवावी. कॅलिफोर्नियात आता घरमालकालाही चित्रे काढावी लागतात: १ एप्रिल २०२५ पासून ताबा परत मिळाल्यावर, दुरुस्तीच्या आधी आणि नंतर, तर १ जुलै २०२५ पासून सुरू झालेल्या भाडेकरारांत सुरुवातीलाही. ही चित्रे घरमालकाकडे नसतील, तर त्याचा मुद्दा लंगडा पडतो.

किल्ल्या आणि पत्ता

किल्ली दिल्याचा दिवस हाच बहुधा मुदत मोजण्याचा आरंभ असतो, म्हणून तो निर्विवाद असावा. किल्ल्या, गॅरेजचा रिमोट आणि पत्रपेटीची किल्ली हाती देताना सही घ्यावी. कार्यालय बंद असल्यामुळे पेटीत टाकाव्या लागल्या, तर टाकतानाचे छायाचित्र घ्यावे आणि त्याच मिनिटाला ईमेल करावा.

त्याच ईमेलमध्ये आणि वेगळ्या छापील पत्रातही नवा पत्ता कळवावा. ही एक ओळ न लिहिल्यामुळे चांगले दावे बुडतात. टेक्सासमध्ये पत्ता लेखी दिल्याशिवाय घरमालकावर रक्कम किंवा तपशील पाठवण्याचे बंधनच येत नाही. पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोत दुप्पट भरपाई मागण्यासाठी लेखी पत्ता ही पूर्वअट आहे. हक्क पूर्णपणे जात नाही, पण दंडाची ताकद जाते. पत्र सर्टिफाइड मेलने (नोंद ठेवल्या जाणाऱ्या टपालाने), पोचपावती मागवून पाठवावे आणि ती हिरवी पावती जपून ठेवावी.

भारतात परतणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना. डॉलरमधला कागदी चेक भारतातील बँकेत वटवणे वेळखाऊ आणि खर्चिक असते, म्हणून अमेरिकेतील एखाद्या विश्वासू नातेवाइकाचा किंवा मित्राचा पत्ता द्यावा आणि अमेरिकेतील बँक खाते डिपॉझिट मिळेपर्यंत बंद करू नये. रक्कम थेट खात्यात जमा करण्याची लेखी विनंतीही याच पत्रात करता येते. आणि जे विद्यार्थी सीनियरकडून खोली घेऊन त्याच्याच हाती डिपॉझिट देतात, त्यांनी ते दिल्याची लेखी कबुली घ्यावी, निदान 'डिपॉझिट मिळाले' असे सांगणारा संदेश तरी जपावा. मूळ लीजवर नाव नसेल, तर इमारतीच्या मालकाकडे नव्हे, ज्याने पैसे घेतले त्याच्याकडे दाद मागावी लागते.

तपशील आल्यावर तो कसा वाचावा

समजा, २,४०० डॉलर डिपॉझिट होते आणि ६०० डॉलरच्या चेकसोबत असा तपशील आला: पूर्ण घराचे रंगकाम ६०० डॉलर, गालिचा बदलणे १,००० डॉलर, स्वच्छता २०० डॉलर. घरात तुमचे वास्तव्य चार वर्षांचे.

रंगापासून सुरुवात करू. वापरामुळे होणारी नेहमीची झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, हे तत्त्व जवळजवळ सर्वत्र मान्य आहे. उन्हाने फिका पडलेला रंग, फर्निचरच्या जागी उमटलेले हलके डाग आणि तसबिरींसाठी ठोकलेल्या बारीक खिळ्यांची छिद्रे ही झीज. भिंतीवर मुलांनी खडूने काढलेली चित्रे, दाराला पडलेले भोक किंवा परवानगीशिवाय दिलेला गडद रंग हे नुकसान. चार वर्षांनंतर नवा भाडेकरू येण्यापूर्वी घर रंगवणे हा घरमालकाच्या धंद्याचा खर्च आहे. भिंतींची स्वच्छ चित्रे असतील, तर हे ६०० डॉलर पूर्ण नाकारावेत.

गालिचाचे गणित वेगळे आहे. समजा, इस्त्री पडून त्यावर खरोखर जळका डाग पडला होता. ते नुकसानच आहे आणि ते मान्य करावे. पण गालिचाचे आयुष्य १० वर्षे धरले आणि तो ८ वर्षांचा होता, तर त्याचे दोन दशांश मूल्यच शिल्लक होते. १,००० डॉलरच्या नव्या गालिचापैकी तुमच्याकडून वाजवीपणे २०० डॉलर घेता येतील. उरलेले ८०० म्हणजे जुन्या वस्तूच्या बदल्यात नवी वस्तू तुमच्या पैशाने घेणे होय. गालिचा केव्हा घातला हे घरमालकाला लेखी विचारावे, त्याचे उत्तर बहुधा वाद मिटवते. जळका डाग नाकारण्याचा मोह टाळावा, असे माझे ठाम मत आहे. न्यायाधीशांसमोर एक बाब प्रामाणिकपणे मान्य करणाऱ्या माणसाची बाकीच्या बाबींवरील हरकत अधिक विश्वासाने ऐकली जाते.

स्वच्छतेच्या २०० डॉलरसाठी बिल मागावे. कॅलिफोर्नियात घर राहायला येताना जेवढे स्वच्छ होते तेवढेच परत करणे अपेक्षित आहे. दर भाडेकरूमागे ठरलेली ठोक रक्कम कापणे त्यात बसत नाही. ओव्हन आणि बाथरूमची चित्रे जवळ असतील, तर ही बाबही नाकारावी.

म्हणजे अन्यायाने अडवलेली रक्कम १,६०० डॉलर झाली. आता दंडाचा हिशेब करू. टेक्सासमध्ये गैरहेतू सिद्ध झाल्यास १,६०० ची तिप्पट ४,८०० आणि वर १०० मिळून ४,९०० डॉलर. कॅलिफोर्नियात अडवलेले १,६०० आणि जास्तीत जास्त मूळ डिपॉझिटची दुप्पट, म्हणजे ४,८०० मिळून ६,४०० डॉलरपर्यंत. न्यूयॉर्कमध्ये हेतुपुरस्सर उल्लंघन असेल, तर हीच कमाल मर्यादा. मॅसॅच्युसेट्समध्ये तिप्पट म्हणजे ४,८०० आणि व्याज. मात्र तपशील मुदतीत आला असेल, त्यासोबत बिले असतील आणि वाद केवळ गालिचाच्या वयाचा असेल, तर गैरहेतू मागणाऱ्या राज्यांत न्यायाधीश फक्त वादाची रक्कम परत द्यायला सांगतील, अशी शक्यता धरून चालावे. खोटी बिले, न केलेल्या कामाचे पैसे, लेखी पत्रांना सतत मौन, किंवा मुदत उलटल्यावर घाईने तयार केलेला तपशील यांतून हेतू दिसतो.

मागणीपत्र

मुदत संपली किंवा तपशील पटला नाही, की मागणीपत्र पाठवावे. फोनवरची बाचाबाची येथे थांबवावी आणि पुढचा सर्व व्यवहार लेखी ठेवावा. पत्र इंग्रजीतच जाईल, पण त्याचा आशय असा असावा:

"मी अमुक पत्त्यावरील घर अमुक तारखेला रिकामे करून किल्ल्या परत केल्या आणि त्याच दिवशी माझा नवा पत्ता लेखी कळवला. मी २,४०० डॉलर डिपॉझिट भरले होते. आपण ६०० डॉलर परत केले. रंगकामाची कपात नेहमीच्या झिजेसाठी आहे, गालिचाच्या कपातीत त्याचे वय धरलेले नाही, आणि स्वच्छतेचे बिल जोडलेले नाही. गालिचापोटी २०० डॉलर मला मान्य आहेत. उरलेले १,६०० डॉलर अमुक तारखेपर्यंत वरील पत्त्यावर पाठवावेत. तसे न झाल्यास मी राज्याच्या अमुक कलमानुसार ही रक्कम, त्या कलमातील दंड आणि न्यायालयीन खर्च यांसाठी दावा दाखल करीन."

यात कलमाचा क्रमांक असणे हे पत्राचे खरे बळ आहे, कारण भाडेकरूला कायदा माहीत आहे हे त्या एका ओळीतून कळते. अनेक प्रकरणे येथेच मिटतात. १० ते १४ दिवसांची मुदत पुरेशी होते. पोलिसांत जाण्याची, समाजमाध्यमांवर नाव जाहीर करण्याची किंवा मालकाच्या नोकरीच्या ठिकाणी कळवण्याची धमकी पत्रात असू नये. तीच चिठ्ठी पुढे तुमच्याविरुद्ध वाचली जाते.

पत्रानंतर अर्धवट रकमेचा चेक आला आणि त्यावर 'पूर्ण व अंतिम हिशेब' अशा अर्थाचा मजकूर असेल, तर तो वटवण्यापूर्वी थांबावे. तो स्वीकारल्याने उरलेला हक्क सोडून दिला, असा अर्थ लावला जाऊ शकतो. गावातील मोफत कायदा सल्ला केंद्राला किंवा विद्यापीठाच्या विद्यार्थी विधी सेवेला विचारून मगच निर्णय घ्यावा.

व्हिसावर असलेल्या अनेकांना वाटते की घरमालकाशी वाद घातला तर आपल्या स्थितीवर परिणाम होईल. दिवाणी न्यायालयात डिपॉझिट मागण्याचा हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाही. कॅलिफोर्नियात तर भाडेकरूच्या स्थलांतरविषयक दर्जावरून त्याला धमकावणे हेच बेकायदेशीर आहे.

स्मॉल क्लेम्स कोर्ट

पत्राला दाद मिळाली नाही, तर स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयात, जावे. ही न्यायालये सामान्य माणसाने वकिलाशिवाय उभे राहावे यासाठीच आहेत. कॅलिफोर्नियात तर पहिल्या सुनावणीत वकिलाला बाजू मांडताच येत नाही. तेथे व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा करता येतो आणि दाखल करण्याचे शुल्क साधारण ३० ते ७५ डॉलर असते, जे जिंकल्यास परत मागता येते. न्यूयॉर्क शहरात मर्यादा १०,००० डॉलर आहे. टेक्सासमध्ये असे दावे जस्टिस कोर्ट नावाच्या न्यायालयात चालतात आणि तेथे मर्यादा २०,००० डॉलर आहे.

प्रतिवादीचे नाव अचूक हवे. भाडे ज्या कंपनीच्या पोर्टलवर भरत होता ती अनेकदा केवळ व्यवस्थापक असते आणि घराची मालकी दुसऱ्याच एलएलसीकडे (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीकडे) असते. काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) मालमत्ता नोंदींत मालकाचे नाव सापडते, तर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या एलएलसीचा अधिकृत प्रतिनिधी कळतो आणि समन्स त्याच्याकडे पाठवता येते. लीजवर व्यवस्थापक कंपनीची सही असेल, तर तिलाही प्रतिवादी करावे. मध्यंतरी इमारत विकली गेली असेल, तर डिपॉझिटची जबाबदारी नव्या मालकाकडे आली का, हे तपासावे. समन्स स्वतः नेऊन देता येत नाही. ते शेरीफ (काउंटीचा पोलीस अधिकारी), व्यावसायिक समन्स पोहोचवणारा किंवा न्यायालयाने मान्य केलेल्या टपालाने जाते.

लीजवर दोन-तीन रूममेट असतील, तर शक्यतो सर्वांनी मिळून दावा करावा, नाहीतर डिपॉझिट कोणाचे होते यावरच सुनावणी अडकते.

अर्जात दंडाची मागणी स्पष्ट लिहावी. अडवलेली रक्कम आणि कायद्यातील पटीचा दंड अशा दोन वेगळ्या ओळी असाव्यात आणि त्यांपुढे कलम नमूद करावे. मागितलेच नाही ते न्यायाधीश स्वतःहून देतील, असे गृहीत धरू नये. घरमालक उलट दावा करू शकतो, त्याचीही तयारी ठेवावी. घर खराब केल्याच्या नव्या तक्रारी त्याने पहिल्यांदाच तेव्हा काढल्या, तर त्या मूळ तपशिलात का नव्हत्या, हा प्रश्न विचारावा.

सुनावणी फार थोड्या वेळाची असते. म्हणून सर्वांत वर एका पानावर फक्त तारखा असाव्यात: ताबा, पत्ता कळवला, मुदत संपली, तपशील मिळाला, मागणीपत्र पोहोचले. त्यामागे लीज, डिपॉझिट भरल्याचा पुरावा, पोचपावत्या, घरमालकाचा तपशील आणि मग शिरतानाचे व सोडतानाचे एकाच जागेचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापलेले. सर्व कागदांच्या तीन प्रती न्याव्यात, एक न्यायाधीशांसाठी, एक समोरच्यासाठी आणि एक स्वतःसाठी. कपात वाजवी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि टेक्सास या तिन्ही राज्यांत घरमालकावर आहे. त्यामुळे बोलताना आधी तारखा सांगाव्यात, मग प्रत्येक बाबीपुढे 'याचे बिल कोठे आहे' एवढाच प्रश्न ठेवावा. दुसऱ्या राज्यात किंवा देशात राहत असाल, तर दूरस्थ हजेरीची परवानगी आहे का, हे त्या न्यायालयाच्या कारकुनाकडे आधीच विचारावे.

कॅलिफोर्नियात दावा लावणाऱ्याला स्वतःच्या दाव्यावरील निकालाविरुद्ध अपील करता येत नाही, प्रतिवादीला मात्र येते. म्हणून तेथे पहिल्या सुनावणीलाच पूर्ण तयारीने जावे.

निकालानंतरची वसुली

निकाल म्हणजे हातातले पैसे नव्हेत. न्यायालय स्वतः वसुली करून देत नाही. तरी घरमालकाच्या बाबतीत ही अडचण इतर ऋणकोंच्या मानाने कमी असते, कारण त्याच्याकडे स्थावर मालमत्ता असते आणि तिचा पत्ता तुम्हाला पाठ असतो. कॅलिफोर्नियात निकालाचा उतारा काउंटीच्या नोंदणी कार्यालयात नोंदवला की त्याच्या तेथील मालमत्तेवर बोजा चढतो, आणि ती विकताना किंवा तिच्यावर नवे कर्ज काढताना तुमची रक्कम चुकती करणे त्याला भाग पडते. बहुतेक राज्यांत अशीच काही सोय आहे. तुमच्या भाड्याचे चेक ज्या बँकेत जमा होत होते त्या बँकेचे नाव जुन्या चेकच्या मागच्या बाजूला सापडते आणि न्यायालयाच्या आदेशाने शेरीफमार्फत त्या खात्यातून वसुली करता येते. निकालाच्या रकमेवर राज्याच्या दराने व्याज चालू राहते, त्यामुळे उशिराचा बोजा घरमालकावरच पडतो.

पूर्ण रक्कम हाती आल्यावर ती मिळाल्याचा ठरावीक नमुना भरून न्यायालयात दाखल करावा आणि बोजा नोंदवला असेल, तर काउंटीच्या कार्यालयातही तो उतरवून द्यावा. हे करण्यात टाळाटाळ झाल्यास आता तुमच्यावरच भरपाईची वेळ येऊ शकते.